साठीच्या वरच्यांना परवाना नाही

खोटं बोलायचीही एक रीत असते. ज्याची शहानिशा करायला कोणी येणार नाही, असं खोटं निवडावं. पोटात दुखतंय, डोकं चढलंय, दूध नासलं. मी सत्ताविसाव्या वर्षी सासूला असं खोटं सांगितलं, की ज्याची चौकशी करायला सरकार आपण होऊन, गणवेश घालून, घरी माणूस पाठवतं. इतका बावळटपणा पुन्हा माझ्या हातून झाला नाही. झाला असला, तरी त्याला साक्षीदार उरलेले नाहीत.

हे आठवलं ते नातीमुळे. परवा ती मोबाइलवर तिच्या मैत्रिणीचे फोटो दाखवत होती. हिरवंनिळं पाणी, पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या खोल्या, खोलीतून थेट पाण्यात उतरणारा जिना.

"आजी, तू गेलीस का गं कधी असल्या बेटावर?"

"गेले होते ना."

"कुणाबरोबर?"

"आजोबा आणि माझ्या सासूबाई."

"फॅमिली ट्रिप?"

"हनिमून," मी म्हटलं, आणि भाजी निवडायला घेतली. तिने फोन खाली ठेवला. आजकाल तिने फोन खाली ठेवावा म्हणून बरंच काही करावं लागतं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही भांडुपला टेकडीच्या अंगाला एका चाळीत राहायचो. मी साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात ट्रान्झिस्टरच्या तारा डाग देऊन जोडायला जायची. नवरा सरकारी कचेरीत कारकून. घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. खोली एक आणि पडदा एक. पडद्याच्या अलीकडे सासूबाई, पलीकडे आम्ही. मधे जांभळ्या फुलांचं कापड, आणि त्या फुलांना कान होते असं माझं ठाम मत होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. लग्नानंतर फिरायला म्हणून गेलो ते कोकणात, देवाला नारळ ठेवायला. एका टेम्पोत अकरा माणसं. त्या अख्ख्या प्रवासात नवऱ्याचा नि माझा झालेला संवाद असा: "पाणी आहे का?" "आहे."

कारखान्यातल्या बायका चिडवायच्या. "तुझा हनिमून म्हणजे नारळाचा झाला, तुझा नाही." मीही हसायची, आणि एखादी तार उलटी जोडून ठेवायची.

अशात नवऱ्याला एलटीसी मिळाली. म्हणजे सरकारी खर्चाने घरच्यांना घेऊन लांब कुठेतरी फिरून यायची सवलत. त्याच्या कचेरीतला एक जण लक्षद्वीपला जाऊन आला होता. त्याने एक रंगीत माहितीपत्रक दिलं. त्यात निळं नितळ पाणी, काठाला नारळांची बाग, बागेत झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या, आणि दोन माडांना बांधलेली जाळीची झोळी. झोळीत एक बाई आडवी पडलेली. आमटीत मीठ घातलंस का, असं त्या बाईला कोणी विचारत नव्हतं. झोपड्यांच्या त्या वसाहतीला खाली 'रिसॉर्ट' असं लिहिलं होतं. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. ते पत्रक मी तांदळाच्या डब्याखाली ठेवून रोज एकदा बघायची.

तांदूळ काढायला एकदा सासूबाई गेल्या. त्यांनी पत्रक बाहेर काढलं, चष्मा लावला, आणि बराच वेळ एकाच पानाकडे बघत राहिल्या. झोळीकडे नाही, पाण्याकडे.

"ह्यां पाणी तांच गो," त्या म्हणाल्या. "तुझो सासरो सांगी."

माझे सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. ते खलाशी होते, मलबारच्या किनाऱ्यावरून त्या बेटांना तांदूळ आणि कापड नेणाऱ्या बोटीवर. वर्षातून दोनदा गावी यायचे आणि ओटीवर बसून गोष्टी सांगायचे. पाण्यातून उठून पाखरांसारखे उडणारे मासे. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी बाईला आपल्या पायातली जोडवी मोजता येतील, असं आरशासारखं पाणी. गावात त्यांना फेकाड्या म्हणायचे. लोक तोंडावर हसायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा ऐकायला यायचे. सासूबाई मात्र त्या गोष्टींवर काही बोलत नसत. त्या खऱ्या की खोट्या, हे एकदा बघावं, इतकंच त्यांच्या मनात असावं. त्यांनी पत्रक जागेवर ठेवलं आणि साध्या आवाजात विचारलं, "माका येवक मिळात काय गो?"

आता इथे शहाण्या बाईने काय केलं असतं? मला ठाऊक नाही, कारण तिथे शहाणी बाई हजर नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे जांभळ्या फुलांचा तो पडदा आला, थेट बेटावर, दोन माडांच्या मधे टांगलेला. आणि मी म्हटलं, "नाही हो आई. तिकडे साठीच्या वरच्यांना परवानाच देत नाहीत."

"असां?" त्या म्हणाल्या. "बरां." आणि तांदूळ धुवायला गेल्या.

नवऱ्याला मी सांगितलं, आईंना बोटीचा त्रास होईल, त्या नको म्हणतायत. तो बिचारा माझ्यावर विश्वास ठेवायचा. पुढे ती सवय मोडली.

परवान्याची गोष्ट मात्र मी हवेतून आणली नव्हती. त्या बेटांवर जायला परवाना लागतोच, आणि त्यासाठी आपल्या भागातल्या पोलिसांचा दाखला लागतो. त्या दाखल्यासाठी हवालदार घरी येऊन माणसं नीट आहेत का ते बघून जातो. हे सगळं फॉर्मवर छापलं होतं. मी वाचलंही होतं. खोटं बोलताना तेवढंच विसरले.

हवालदार आला तेव्हा मी कारखान्यात. संध्याकाळी चाळीच्या जिन्यावरच शेजारणीने मला गाठलं. ती मालवणची, सासूबाईंच्या गावाजवळची. तिच्या घराच्या आणि आमच्या घराच्या मधे फळ्यांची भिंत, त्यामुळे तिला आमच्याकडची बातमी कधी विचारावी लागत नसे.

"पोलिस आलेला गं तुमच्याकडे."

"हो, दाखल्यासाठी."

"चहा प्यायला. तुझ्या सासूने विचारलं त्याला, साठीच्या वरच्यांना तिकडे सोडत नाहीत ना? तो म्हणाला, कोण म्हणालं आजी तुम्हाला? वयाची काही अट नाही. चालता येतं ना, बस."

"मग?"

"मग काय. स्वतःची वही काढून बसला आणि तुझ्या सासूचा अर्ज लिहून दिला. फोटो हवा म्हणाला तर ती तशीच चपला घालून स्टुडिओत गेली." शेजारणीने माझ्याकडे नीट बघितलं. "वाट लागली ना गं तुझी?"

लागली होती. घरात गेले तर सासूबाई शांतपणे नारळ खवत होत्या. "पोलिस इल्लो," त्या म्हणाल्या. "बरो माणूस. माझो पण फॉर्म भरून दिल्यान."

मी म्हटलं, "नियम बदलला वाटतं, आई."

त्यांनी खवणीवरून मान वर केली नाही. "बदललो आसतलो," म्हणाल्या.

त्यानंतर निघेपर्यंत, आणि निघाल्यावरही, त्या त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी सुटले असते. त्या उलट माझ्यासाठी चकल्या करत होत्या, वाटेत खायला. त्यातली एकेक चकली मला समन्सासारखी वाटायची.

मी तोवर मालाडच्या बाजारातून एक मॅक्सी घेऊन ठेवली होती. हिरवे पोपट, लाल चोची, पायघोळ घेर. रिसॉर्टमध्ये हीच घालतात असं कारखान्यातल्या एकीने छातीठोक सांगितलं होतं. ती स्वतः जुहूच्या पुढे कधी गेलेली नव्हती.

कोचीनहून बोट. बेटांवर घरी चाललेल्या माणसांनी भरलेली. तांदळाची पोती, कोंबड्यांचे खुराडे, दोन शेळ्या, आणि बायका. डोक्यावरून ओढणी घेतलेल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या आया, कॉलेजच्या मुली. सासूबाई डेकवर त्यांच्यात जाऊन बसल्या आणि त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "त्या चेडवाक इचार गो, बायलमाणसां कधीपासून जातत ह्या बोटीतसून?"

त्या मुलीला थोडं हिंदी येत होतं. मी विचारलं. ती हसली. असल्या प्रश्नाला दुसरं काय करणार. "हमेशा से. बोट छोटी थी, तब से. मेरी नानी भी जाती थी."

"नानी पण?" सासूबाईंनी मलाच विचारलं, जणू ती माझी नानी. मग त्या चकलीला हात लावीनात. मी म्हटलं, बोट लागली त्यांना. मनातल्या मनात म्हटलंही, बघा, मी सांगत होते. अर्ध्या तासात कठड्यावरून ओकत होते मी, आणि माझी पाठ चोळत होत्या त्या.

सकाळी पाणी शाईसारखं निळं झालं होतं. बोटीच्या पुढून चांदीच्या मुठी भिरकावल्यासारखं काहीतरी उडालं, पाण्यावरून सरळ गेलं आणि बुडालं. पुन्हा उडालं. मासे होते. पंख पसरून उडणारे. सासूबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं. "बघ रे झिला. तुझो बापूस." इतकंच म्हणाल्या. गावातल्या सगळ्या हसणाऱ्यांना तिथे आणून उभं करावं असं मला वाटलं. आणि त्या हसणाऱ्यांत आपणही आहोत, हेही तेव्हाच ध्यानात आलं. नवऱ्याने त्या गोष्टी सांगितल्या तेव्हा मीही हसले होते.

बेटापाशी मोठी बोट जाऊ शकत नाही. प्रवाळांचं कुंपण असतं आणि कुंपणाच्या आत उथळ, शांत पाणी, त्याला लगून म्हणतात. म्हणून मोठी बोट बाहेर थांबते, तिच्या पोटातला एक दरवाजा उघडतात, खाली होडी येते आणि लाटेबरोबर वरखाली होते. होडी वर आली की उडी मारायची. नवरा गेला. मग सासूबाई दारात आल्या. दोघे खलाशी पुढे झाले, त्यांना उचलून घ्यायला. सासूबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, होडी कधी वर येते ते तीन लाटा बघितलं, आणि चौथीला उतरल्या. जिना उतरावा तशा.

माझी पाळी आली तेव्हा मी दाराची चौकट धरली. होडी वर आली, गेली. पुन्हा आली, गेली. मागे सगळं बेट घरी जायला खोळंबलेलं. खालून आवाज आला, "उडी मार गो. वायंच तर हा." मी डोळे मिटले. मग मला दोघांनी पोत्यासारखी उचलून खाली दिली. आमच्या पाठोपाठ शेळ्या उतरल्या, त्या आपणहून.

रिसॉर्टमध्ये आमच्यासाठी दोन झोपड्या होत्या, शेजारी शेजारी. मी मनात पडदा टांगून घेतला. तेवढ्यात सासूबाईंनी आपली पिशवी उचलली आणि तिथे काम करणाऱ्या बाईला खुणेने काही विचारून पार दुसऱ्या टोकाची, स्वयंपाकघराजवळची झोपडी मागून घेतली. "माका चुलीजवळ बरां वाटता," म्हणाल्या.

मला वाटलं, रागावल्या. चार दिवस तोंड न बघायचं ठरवलंय. इतकी मूर्ख होते मी, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची समजूत काढायला गेले. त्या आणि ती बेटावरची बाई समोरासमोर बसून नारळ खवत होत्या. ती तिच्या भाषेत बोलत होती, या यांच्या भाषेत, आणि दोघींचं झकास चाललं होतं. मला बघून सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"हंय काय करतंस?"

"तुम्हाला एकटं वाटेल म्हणून..."

"नवऱ्याक सोडून माका सोबत? जा गो."

बेटावरच्या बाईला शब्द कळले नसतील, पण ती तोंडावर ओढणी घेऊन हसली. परत येताना माडांच्या सावलीत माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. त्यानंतर सासूबाई आमच्या बाजूला कधी दुपारच्या आधी आल्या नाहीत. आल्या तरी दहा माड लांबून खोकायला सुरुवात करायच्या. चाळीत तीन वर्षं त्यांना खोकला नव्हता.

झोळीत मी पडले. म्हणजे आधी चढले आणि मग पडले. एका बाजूने बसले ती दुसऱ्या बाजूने तोंडावर वाळूत. नवरा हसला. मोठ्याने, पोट धरून. तीन वर्षांत त्याचं मोठ्याने हसणं मी ऐकलंच नव्हतं. आमच्याकडे फळीच्या भिंतीपलीकडे जाईल इतकं कोणी हसत नसे. तोंडातली वाळू थुंकत मी त्याच्याकडे बघत बसले. त्या हसण्यासाठी मी आजही कोणाकोणाचे आभार मानते, त्यात ती झोळीही आहे.

तिसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी सासूबाई आल्या, खोकत. "माका पाण्यात जावचां हा," म्हणाल्या. "गळ्याइतक्या."

नवरा घाबरला. "आई, पाय घसरला तर? कडेला बस ना."

त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, साठीच्या वरच्यांना पाण्यात तरी सोडतात का. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी तो धरला.

मी पोपटांच्या मॅक्सीत होते. कमरेइतक्या पाण्यात गेले आणि तिच्यात हवा भरली. सगळे पोपट माझ्याभोवती गोल फुगून वर आले. मी एका हाताने एक बाजू दाबली की दुसरी वर. सासूबाई आपल्या मोकळ्या हाताने माझा घेर खाली दाबत चालत होत्या. म्हाताऱ्या बाईला सांभाळायला मी निघालेली, आणि ती मला फुग्यासारखी ओढत नेतेय. काठावर नवरा पाठ फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

पाणी त्यांच्या गळ्याशी आलं तेव्हा त्या थांबल्या. हलणारं पाणी निवेपर्यंत वाट बघितली. मग मान वाकवून खाली बघितलं. मीही बघितलं. पांढऱ्या वाळूवर त्यांचे दोन पाय, दहा बोटं, नखंसुद्धा. अंगठ्याशेजारच्या बोटांना जन्मभराच्या जोडव्यांनी चेपून पडलेली खाच. एक बोटभर लांबीचा पिवळा मासा आला, अंगठ्यापाशी घुटमळला, गेला.

"जोडवी आसती तर दिसली आसती," त्या म्हणाल्या.

मी त्यांना या पाण्यापासून लांब ठेवायला निघाले होते. एका झोळीसाठी.

"म्हणजे ह्यां खरां होतां," त्या पुन्हा म्हणाल्या. त्यातल्या 'ह्यां'वर जोर होता. तो का, ते मला तेव्हा कळलं नाही. त्या माझ्या हाताला धरून खूप वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि मी पोपट दाबत.

निघताना बेटावरच्या त्या बाईने सासूबाईंना एक नारळ दिला. कोकणातल्या बाईला नारळ. त्यांनी तो मांडीवर घेऊन भांडुपपर्यंत आणला.

घरी आल्यावर दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघी चाळीच्या सामायिक नळावर कपडे धूत होतो. नऊवारीतून, मॅक्सीच्या शिवणीतून अजूनही पांढरी वाळू निघत होती. सासूबाई ती बोटाने एका जागी गोळा करत होत्या. मला सकाळपासून मळमळत होतं. बोटीची मळमळ अजून उतरली नाही असं मला वाटत होतं. पुढचा हिशेब शेजारणीने माझ्या आधी केला, आणि माझी मुलगी झाली तेव्हा तो बरोबर निघाला.

"उद्या चौकीर जावया," सासूबाई म्हणाल्या. "तो नारळ त्या पोलिसाक देवचो हा. तू पण चल."

हवालदार मला बघून काय विचारणार हे मला स्पष्ट दिसलं. कोण म्हणालं होतं आजी तुम्हाला? आणि मग चौकीतले सगळे माझ्याकडे बघणार. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. ते दोन पाय मला वाळूवर सारखे दिसत होते.

"आई," मी म्हटलं, "तसा नियम नव्हताच. मी खोटं बोलले होते तुमच्याशी."

त्यांनी नऊवारी पिळली. झटकली. दोरीवर घालायला एक टोक माझ्या हातात दिलं.

"ठाऊक हा माका. तुझ्या सासऱ्यान पण तसांच सांगितल्यान, बायलमाणसांका त्या बोटीर घेनत नाय म्हणान. मी जल्मभर खरां मानलंय. तेवा इचारूक घराक पोलिस इलो नाय."